दोरवाल्या मावशींचे चाळीस सेकंद

माझ्या नव्या वर्गातली पोरं पहिल्याच दिवशी हसतात, आणि मी त्यांना हसू देते. पडद्यावर तीन मिनिटांचा एक व्हिडिओ चालू असतो. साठीला टेकलेली एक बाई खांद्यावर दोराचं वेटोळं टाकून उभी आहे, समोर टेबलामागे पाच जणांची समिती. बाई बोलते, आणि मग शेवटचे चाळीस सेकंद तोंडातून चकार शब्द काढत नाही. घंटी वाजते. पोरं म्हणतात, "मॅडम, ही तर पार गांगरली!" मी म्हणते, थांबा जरा.

मलाही तेव्हा तेच वाटलं होतं. नुसतं वाटलं नव्हतं, मी तिला जिन्यात गाठून फाडून खाल्लं होतं.

मी संवादकौशल्य शिकवते. चारचौघांत कसं उभं राहायचं, कुठं थांबायचं, आपलं म्हणणं दुसऱ्याच्या गळी कसं उतरवायचं, हाच माझा अठरा वर्षांचा धंदा. माझा राग नाकावर असतो. हे माझा नवराही सांगेल आणि आमच्या प्रशिक्षण केंद्राचा शिपाईही, फक्त शिपाई जरा हळू आवाजात सांगेल.

त्या वर्षी केंद्रात डोंगरातल्या आदिवासी उद्योजकांची तुकडी आली. मध गोळा करणारे दोघे भाऊ, वेताच्या खुर्च्या करणारा एक गप्पिष्ट कारागीर, आणि दोरवाल्या मावशी. प्रत्येकानं तीन मिनिटांत आपला माल समितीपुढे मांडायचा, आणि दहा दिवसांत मी त्यांना बोलायला तयार करायचं, असा सगळा बेत होता.

मावशींना ते काम हवंच होतं. शाळांच्या मैदानांवर मुलांना चढायला जे जाड दोर टांगतात, ते पुरवायचं काम. डोंगरात त्यांच्या शेडमध्ये पूर्वी अकरा जणी दोर वळायच्या. आता चार उरल्या होत्या, बाकीच्या शहरात बांधकामावर गेल्या. सुनेनंही सांगून टाकलं होतं, "आई, हे काम नाही मिळालं तर आम्ही निघतो. तुम्ही येत जा नातवंडांना भेटायला." हे मावशींनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, अगदी आज कुठला वार आहे ते सांगावं तसं.

सात वर्षांच्या असताना आईनं त्यांच्या हातात झाडाच्या सालीचे तंतू दिले, तेव्हापासून ते हात थांबलेले नाहीत. मी फळ्यापाशी बोलत असायचे आणि खाली त्यांच्या मांडीवर दोर वाढत असायचा. उकळत्या चहाचा स्टीलचा पेला त्या मुठीत धरून निवांत प्यायच्या. त्यांचे वडील आणि भाऊ याच दोरांवरून मधासाठी कड्याखाली उतरायचे. म्हणून त्यांच्याकडे रीत अशी की वळलेल्या दोराला आधी वळणारीनं लटकायचं, मगच तो दुसऱ्याच्या हातात द्यायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी हे करूनच दाखवलं. वर्गातल्या लोखंडी तुळईवरून दोर टाकला, दोन गाठी मारल्या आणि पाय उचलले. शिपाई धावत आला. "अहो मावशी, उतरा! माझी नोकरी जाईल!"

"तुझी नोकरी या दोरापेक्षा कच्ची आहे का रे?" मावशींनी वरूनच विचारलं.

पहिल्या दिवसाचा एक प्रसंग मात्र मला खुपत राहिला होता. मी माझं नेहमीचं भाषण ठोकलं होतं, नीट बोलता आलं की कुठलंही दार उघडतं वगैरे. मावशींनी हात वर केला.

"बाई, तुमच्या शिकवण्याचं उणं काय?"

"म्हणजे?"

"उणं हो. काय कमी आहे त्यात?"

"काही कमी नाही," मी म्हटलं. "अठरा वर्षं शिकवतेय मी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग मान खाली घालून दोर वळायला लागल्या. मला वाटलं, काय आगाऊ बाई आहे!

मी त्यांना छान भाषण लिहून दिलं. "आमचा दोर म्हणजे विश्वास. आमचा दोर कधीच दगा देत नाही." मावशींनी निमूटपणे ते पाठ केलं, रोज मला म्हणूनही दाखवलं. स्टॉपवॉच दोन मिनिटं पन्नास सेकंद दाखवायचं आणि मी स्वतःचीच पाठ थोपटून घ्यायची.

सादरीकरणाच्या दिवशी समितीच्या मधोमध शाळांची मैदानं सांभाळणारे साहेब बसले होते. निर्णय त्यांचाच. मी मागे भिंतीला टेकून उभी. मावशींनी सुरुवात झकास केली. "आमचा दोर म्हणजे विश्वास." इतक्यात साहेबांनी हात पुढे केला, दोराचं टोक घेतलं आणि मुठीभोवती गुंडाळून हिसका देऊन बघितला. दोर घेणाऱ्याच्या हातात गेला आणि मावशी थांबल्या. मी मागून ओठ हलवून पुढचं वाक्य सांगत होते, कधीच दगा देत नाही, कधीच दगा देत नाही.

"साहेब," मावशी म्हणाल्या, "हा दोर आतून कुजतो."

मी कपाळावर हात मारला.

"भिजून सावलीत पडून राहिला की आतून कुजतो, बाहेरून कळत नाही. वरून हात फिरवाल तर नव्यासारखा लागेल." त्यांनी दोर परत घेतला, दोन्ही अंगठ्यांनी पिळाच्या उलट फिरवला, आणि दोराचे तिन्ही पेड एकमेकांपासून सुटून आतला गाभा दिसायला लागला. "असा उघडून बघायचा. आत पिवळं दिसलं तर ठीक. काळं दिसलं, बोटाला पीठ लागलं, तर लगेच कापून टाकायचा. तिथं मुलं लटकणार आहेत. आणि भिजला की जड होतो. नवा असताना लांबतो, तेव्हा टांगताना वीतभर आखूड टांगा."

समितीतल्या एकानं विचारलं, "मग आम्ही नायलॉनचाच का घेऊ नये?"

"त्याचं उणं तो करणाऱ्यानं सांगायचं," मावशी म्हणाल्या. "दुसऱ्याच्या मालाचं मी कसं सांगणार?"

आणि त्या गप्प झाल्या. साहेबांकडे बघत ताठ उभ्या राहिल्या. दहा सेकंद गेले, वीस गेले. साहेब उघडलेल्या दोराकडे बघत होते. चाळीस सेकंदांनी घंटी वाजली.

जिन्यात मी त्यांना गाठलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "सगळं मुसळ केरात घातलंत! उणं सांगितलंत ते सांगितलंत, वर चाळीस सेकंद शिल्लक असताना तोंडाला कुलूप? एक तरी चांगली गोष्ट सांगायची! हात सोलत नाही, तळवा घामेजला तरी निसटत नाही, एवढं तरी!"

"ते म्हणतील म्हणून थांबले होते मी."

"काय म्हणतील?"

"आधी विकणारीनं उणं सांगायचं. मग घेणाऱ्यानं म्हणायचं, ऐकलं, आता चांगलं सांग. तोवर आपण चांगलं बोलायचं नाही, बाई. नाहीतर त्याला उणं ऐकू आलंय की नाही हे कसं कळणार?"

"मग हे मला आधी का नाही सांगितलंत?"

त्यांना खरंच नवल वाटलं. "तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं. तुम्ही तर बोलायचंच शिकवता."

दुसऱ्या दिवशी यादी लागली. मधवाले भाऊ होते, खुर्चीवाला होता, मावशी नव्हत्या. त्यांनी दोर गुंडाळला आणि मला बसथांबा कुठं ते विचारलं.

"सुनेला काय सांगाल?" मी विचारलं.

"काम झालं नाही म्हणून सांगेन. झालं नाहीच ना."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी बिचाऱ्या शिपायाला विनाकारण झापलं.

यादी लागल्यानंतर बाराव्या दिवशी मैदानवाले साहेब केंद्रात आले. काखेत तागाच्या जुन्या दोराचा हातभर लांबीचा तुकडा. "त्या दोरवाल्या बाई कुठं असतात?" एवढंच विचारून त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला. बाहेरून दोर स्वच्छ, घट्ट, कुठं धागा सुटलेला नाही. मग साहेबांनी मावशींनी दाखवलं होतं तसे दोन्ही अंगठे लावले आणि जरा अवघडतच पीळ उलटा फिरवला. माझ्या हजेरीपटावर काळं पीठ सांडलं.

"चाळीस शाळांतले दोर उघडून बघितले," ते म्हणाले. "सहा असे निघाले. कालपर्यंत याला पोरं लटकत होती हो! ज्यानं विकले त्यानं तासभर कौतुक केलं होतं, आमचा दोर कधीच दगा देत नाही म्हणून."

हे वाक्य मीच तर लिहून दिलं होतं. तस्संच, शब्दनशब्द. त्या पिठाला मी बोट लावलं. सहा मैदानांवरची पोरं त्या बाईच्या तीन वाक्यांनी वाचली होती, आणि ती वाक्यं तिनं बोलू नयेत म्हणून मी दहा दिवस घसा फोडला होता.

काम मावशींना मिळालं. नवे दोर तर त्यांचेच, शिवाय वर्षातून दोनदा प्रत्येक शाळेतला दोर उघडून तपासायचा तोही त्यांच्या शेडमधल्या बायकांनीच. हे सांगायला मी स्वतः डोंगरात गेले. सून गाठोडं बांधत होती. ऐकलं तशी ती तिथंच फतकल मारून बसली आणि बांधलेलं सोडायला लागली. मावशींनी मला दोनदा विचारलं, "साहेबांनी स्वतः उघडून बघितला?" कामापेक्षा त्याचाच त्यांना जास्त आनंद झाला होता.

पुढच्या वर्षी माझा नवा वर्ग सुरू झाला, तेव्हा मावशी दोर तपासायला शहरात आल्या होत्या. मी त्यांना शेवटच्या बाकावर बसवलं. मांडीवर अर्थातच दोर. व्हिडिओ लावला, पोरं हसली, मग मी सगळं सांगितलं आणि पोरं हसायची थांबली. मी स्टॉपवॉच खणात टाकलं.

"आता माझ्या शिकवण्याचं उणं सांगते," मी म्हटलं. "हे शिकून खरा माणूस चांगलं बोलतो, आणि लबाडही तितकंच चांगलं बोलतो. कोण कुठला हे यातून कळत नाही. मी स्वतः एका बाईकडून खोटं वाक्य पाठ करून घेतलंय, आणि ते ऐकून मलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या होत्या."

मी नुसती उभी राहिले. कुणी हसलं नाही, कुणी हललं नाही. शेवटच्या बाकावरचे हात थांबले होते. वर्गात ते थांबलेले मी पहिल्यांदाच बघत होते.

"ऐकलं, बाई," मावशी म्हणाल्या. "आता चांगलं सांगा."