कलशातला पैसा

भिजवलेल्या आमसुलांचा आंबट वास सकाळपासून घरभर फिरतोय आणि त्याच्यामागून मी. उद्या गणपती. आई गेल्यावर यंदा पहिल्यांदाच सगळी तयारी माझ्याकडे आहे. समया, ताम्हण, पळी घासून झाली. राहिलाय तो कलशात टाकायचा, राणीचं चित्र असलेला तांब्याचा जुना पैसा. ओट्यावर प्लॅस्टिकच्या पाकिटात तो पडून आहे, आणि माझा हात काही तिकडे जात नाही.

आई मागच्या दारी जांभ्याच्या पायरीवर बसून तो घासायची. आमसूल, चिमूटभर राख, आणि गोल गोल फिरणारा अंगठा. मुंबईहून सणाला आलेले बाबा एकदा म्हणाले, "अगो, अख्खी राणी झिजवलीस!"

"झिजू दे. देवासमोर मळकं ठेवायचं काय?" असं म्हणत तिने पैसा धुऊन माझ्या तळहातावर ठेवला. ओला, गुलाबी, लखलखीत. इतकं सुंदर काही मी तोवर पाहिलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मुलीच्या आग्रहाने तो नाण्यांच्या जाणकाराला दाखवला. त्याने मान हलवली. "साल दुर्मिळ आहे हो, पण घासलंय. वर्षानुवर्षं चढलेला रंगच गेला. आता चांगली ग्रेड मिळायची नाही. पुन्हा तरी घासू नका." मग त्याने भिंग पुढे केलं. बारीक ओरखडे होते, सगळे गोल, एकाच दिशेने वळलेले.

पैसा परत काळवंडलाय. हात शिवशिवतायत. पण मी अंगठा फिरवला, तर आईचे ओरखडे माझ्या ओरखड्यांखाली जातील.