झाकण लावणारं मांजर

कावीळ झाली तेव्हा मी रत्नागिरीच्या कचेरीत कारकून होतो आणि लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. वैद्यांनी चाळीस दिवसांचं पथ्य सांगितलं: मऊ भात आणि ताक. मीठ-तेल बंद, मासळीचं तर नावही नको. एरवी मी जेवणाचा विचार पाटावर बसल्यावरच करायचो. आता रजेवर पडल्या पडल्या दुसरं काही सुचेना. वर्तमानपत्रात शेतसारा वाढल्याचं वाचलं, तरी मला कोकमाचं सार आठवायचं.

त्यातून संशय जडला. घरात आम्ही दोघंच. बायको माझ्या मागून स्वयंपाकघरात जेवायची, सगळ्याच बायका जेवत तशी. ती काय जेवते हे वर्षभरात मी कधी पाहिलं नव्हतं. आता भिंतीला कान लावून बसू लागलो. पावसाळ्यासाठी मडक्यात खारे बांगडे भरलेले होते. ती विहिरीवर गेली की मी ते मोजायचो. अकरा होते, एका सकाळी दहाच भरले.

"एक बांगडा कुठे गेला?"

"मांजरान नेलान असंल."

"आणि जाताना झाकण लावून गेलं?"

तिने चुलीत लाकूड सारलं. खोटं कशाला सांगू, चोर सापडल्याचा मला आनंदच झाला. दोन दिवसांनी भरदुपारी तिला चुलीशी गाठलं. भाजलेला तुकडा तोंडाशी नेलेला. "नवरा अळणी गिळतोय आणि तुझे जिभेचे चोचले!" म्हणत मी तो हिसकावला, मागच्या परड्यात भिरकावला आणि मडकं शेजारी देऊन आलो. ती रडली नाही. हात धुऊन तिने माझा भात चुलीवर चढवला.

आठवड्याने शेजारची काकू मडकं घेऊन आली ती कडाडतच. "पोटुशी हाय ती! तिला डव्हाळे लागलेत, नि तू तोंडातला घास काढलास?"

अशी बातमी बायकोने नवऱ्याला स्वतः सांगायची आमच्यात रीत नव्हती. ती वडीलधाऱ्या बाईने सांगायची, आणि माझी आई मुंबईला भावाकडे होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुलीशी बसून मी बांगडा भाजला, काटे काढले आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला वाढलं. तिने घास उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि तो खाली ठेवला.

"तुमी बघताव," ती म्हणाली. "घास उतरत नाय."

आणि मी खरंच बघत होतो, केवढा घास घेते ते.