सासऱ्यांचे ड्रम आणि माझं नाक

अख्ख्या वर्धा जिल्ह्यात वासाला माझ्या सासऱ्यांइतका भिणारा माणूस दुसरा सापडणार नाही, आणि गंमत म्हणजे त्यांना स्वतःला कसलाच वास येत नाही. करोनात त्यांना ताप आला, खोकला आला, सगळं आलं आणि गेलं. जाताना मात्र नाक घेऊन गेलं. "बाकी समदं वापस आलं, नाक तेवढं तिकडंच राह्यलं," असं ते कोणालाही सांगतात, एखादी छत्री एसटीत राहून जावी तसं. अशा माणसाने सुखाने पत्ते खेळावेत, पारावर बसावं. यांनी नाचणगावच्या घरामागच्या अंगणात दोन निळे ड्रम मांडले आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून खत करायला घेतलं.

त्याला कारण आहे. जन्मभर कापूस आणि तूर पिकवलेला हा माणूस. मागच्या हिवाळ्यात गुडघ्यांनी हात टेकले आणि वावर पुतण्यांकडे गेलं. अंगणात तर आधीच फरशी बसलेली. "हात धुतले त पाणी पांढरंच निंगते, जवाईबापू," असं मामाजी एकदा मला म्हणाले, आणि तोंड इतकं उतरलेलं की माझ्या हातातला चहा निवून गेला. मग ड्रम आले आणि माणूस पुन्हा पहाटे उठायला लागला. हे दोन ड्रम म्हणजे मामाजींचं उरलेलं वावर, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सासूबाईंनाही ठाऊक आहे, म्हणून तर त्या सोसतात.

पण खत बिघडलं की ते आधी वासावरून कळतं, आणि इथे तर मालकालाच नाक नाही. सासूबाईंना विचारावं तर त्या झाकण उघडायच्या आधीच "येते" म्हणतात. माझी बायको बापाची लाडकी. ती उकिरड्यावर उभी राहूनही "काही येत नाही हो बाबा" म्हणेल. उरलो मी. लोकांच्या घरी जावई आला की पाट, रांगोळी, निदान पाण्याचा तांब्या तरी. मी गाडी स्टँडला लावतो न लावतो तोच मामाजी हाताला धरून मागे नेतात. "या जवाईबापू, आधी नाक द्या, चहा मंग." मी वाकतो. ते माझ्या चेहऱ्याकडे अशा काही आशेने बघतात की शिंकायचीसुद्धा चोरी. नुसतं "येतो" म्हणून भागत नाही. "आंबट का सडका? सडका असन त पाणी जास्त झालं. आंबट असन त हवा कमी पडून राह्यली." मी काय सांगणार कपाळ! चार वर्षं कॉलेजात घालवली, पण असल्या परीक्षेची तयारी कोणी करून घेतली नव्हती.

वासावर त्यांचा उपाय एकच, सुकं. जेवढं ओलं टाकाल त्याच्या दुप्पट सुकं टाका, हा मंत्र ते येता-जाता देतात. ड्रमच्या तळाशी हवा खेळावी म्हणून तुराट्या, वर मळणीत उरलेलं सोयाबीनचं कुटार, आरामशीनवरचा लाकडाचा भुसा. त्यासाठी एक पोतं सदैव काखेत. कारंजाला एका नातेवाइकाच्या तेरवीला गेले, तर पंगत उठायच्या आत मांडवाच्या कडेची वाळलेली पानं गोळा करून मोकळे. सासूबाईंना मान वर करवेना. केळझरला गणपतीच्या दर्शनाला नेलं, तर आम्ही प्रसाद घेतला आणि यांनी पुजाऱ्यापुढे पोतं धरलं. "देवाचं घेऊन झालं असन त सुकलेले हार मले द्या." पुजाऱ्यानेही दिले, काय करतो बिचारा.

असा हा सुक्याचा भक्त, आणि घोळ झाला तो नेमका भक्तीपायीच. सासरी महालक्ष्म्यांचं, म्हणजे भाद्रपदातल्या गौरींचं, मोठं प्रस्थ. रीत अशी की नैवेद्यातलं उरलेलं अन्न आपल्या हद्दीबाहेर जाऊ द्यायचं नाही, आपल्याच मातीत पुरायचं. इतकी वर्षं ते वावरात जायचं. यंदा आपली माती म्हणून मामाजींना एकच जागा सुचली. आंबिलीचं पातेलं, कढी, पुरण, सोळा भाज्या, सगळं हात जोडून एका ड्रमात रिकामं केलं. आणि वर मूठभर कुटारही टाकलं नाही. मी नंतर विचारलं तर म्हणाले, "महालक्ष्मीच्या जेवणावर कचरा काऊन टाकायचा?"

दोन-चार दिवसांत जो वास सुटला तो मी सांगत बसत नाही, वाचणाऱ्याचं जेवण व्हायचं असेल. शेजारी पिठाची चक्की आहे, मध्ये एकच भिंत. चक्कीवाला भला माणूस, हात जोडूनच आला. "काकाजी, पिठाले वास लागून राह्यला म्हणतेत लोकं. दळण दुसरीकडं नेऊन राह्यले. मी काय सांगू त्याईले?" मामाजी खाली मान घालून एवढंच म्हणाले, "मले त काई समजलंच नाई रे बापू." त्याच संध्याकाळी सासूबाईंचा मला फोन. "जवाईबापू, या. नाक नोका आणू, डोकं आणा. पितृपक्ष लागायच्या आत वास गेला पाह्यजे, नाई त दोन्ही ड्रम भंगारवाल्याले देतो." आणि त्या बोलतात तसं करतात.

मी तोंडाला रुमाल बांधून गेलो. अंगणात ताडपत्री पसरून ड्रम उलटा केला. मी लांबून फावडं चालवत होतो, ते मांडी घालून उघड्या हातांनी ढेकळं फोडत होते. कुटार मिसळलं, भुसा मिसळला, दुसऱ्या ड्रममधलं तयार खत मिसळलं, ड्रमला आणखी भोकं पाडली. कुटाराची प्रत्येक ओंजळ टाकताना ते पुटपुटत होते, "माय, रागावू नोको." दुखरे गुडघे घेऊन पुढे रोज सकाळी ते खालवर करत राहिले. वास हटला की नाही हे त्यांना कळत नव्हतं. नुसतं ढवळत राहायचं. मला त्या म्हाताऱ्याची फार दया आली.

पितृपक्षाच्या आदल्या दिवशी मला बोलावणं आलं. मी वाकणार तेवढ्यात सासूबाईच पुढे आल्या. "सरका, आज मी पाह्यतो." त्यांनी हात घालून मूठभर काढलं आणि नाकाशी धरलं. मामाजी धोतराला हात पुसत उभे होते.

"वावराचा येते," त्या म्हणाल्या. "नांगरल्यावर यायचा ना, तसा."

"आंबट नाई?"

"नाई वो, आंबट कायचा."

त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंच्या हातातून ते खत घेतलं आणि हुंगलं. आंबील होती अजून त्यात. पुसट, पण होती. सासूबाई पदराने बोटं पुसत माझ्याकडे बघत होत्या.

"वावराचाच आहे, मामाजी," मी म्हणालो.

त्यांनी ती मूठ माझ्या हातातून घेतली, नाकाशी नेली आणि डोळे मिटून बराच वेळ तसेच उभे राहिले.