ओवीतली मांजर

माझ्या सासूबाईंचे डोळे घारे होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं सगळं त्या डोळ्यांवरच आलं.

नागपुरात आमच्या विणकरांच्या मोहल्ल्यात तेव्हा दोन खोल्यांचं वाचनालय होतं. शनिवारी दुपारी बायका सतरंजीवर बसायच्या आणि आपापल्या आवडीच्या कविता म्हणून दाखवायच्या. कुणी पुस्तकातली, कुणी आजीकडून ऐकलेली. मी चौथीच्या पुढं शाळा पाहिली नाही, पण वाचायची हौस दांडगी. रहाटावर सुताच्या कांड्या भरताना माझा जीव त्या शनिवारात अडकलेला असायचा. सासूबाईंनी जाऊ दिलं होतं, पण बजावून. "घरातली गोष्ट तिथं गेली ना वं, तर तुहं वाचनालय बंद." आणि त्यांनी बंद म्हटलं की बंदच. थोरल्या जावेचं शेजारी जाऊन बसणं असंच एका शब्दात बंद झालं होतं.

त्या शनिवारी मी माझ्या आईची जात्यावरची ओवी म्हणायचं ठरवलं. सासूबाई तिकडं कधी फिरकत नसत, म्हणून तर ठरवलं. माझी पाळी आली, मी उभी राहिले, आणि दारात चप्पल काढताना सासूबाई दिसल्या. सूत संपून माग बंद पडलेला, म्हणून शेजारणीसोबत आल्या होत्या. सरळ येऊन पुढंच बसल्या.

दुसरं काही आठवेना. तोंडातून आपोआप पहिली ओळ निघाली,

थापली भाकर माय, फुगली टरारा

आणि पुढची ओळ रस्त्यात आडव्या बसलेल्या म्हशीसारखी समोर. 'सासूच्या डोळ्याचा मले वाटे दरारा.' म्हणावी तर गेलं वाचनालय. थांबावं तर सगळ्या माझ्याकडं बघताहेत. सासू हा शब्द तेवढा काढावा, एवढंच सुचलं. काढला आणि जे आधी तोंडात आलं ते घातलं,

मांजरीच्या डोळ्याचा मले वाटे दरारा

मागं एकीनं पदर तोंडात कोंबला. दुसरी म्हणाली, "मांजर तर दुधाले येते वं, भाकरीले काहून आली?" मला काही कळेना. मग एकेक मान पुढं वळली, त्या घाऱ्या डोळ्यांकडं, तेव्हा कळलं. अहो, सासू म्हटलं असतं तर ती कुणाचीही झाली असती. ओवीतली सासू सगळ्यांचीच असते. मांजर मात्र मोहल्ल्यात एकच होती.

सासूबाई हसल्या नाहीत. उठल्या. "चाल घरी."

रस्ताभर त्या पुढं, मी मागं. अर्धी राहिलेली कादंबरी परत कोणाहाती पाठवायची, हेसुद्धा मी मनात ठरवून टाकलं. पिठाच्या गिरणीपाशी त्या थांबल्या.

"मायची ओवी होती?"

"हो."

"त्यात सासू हाये ना?"

मी नुसती मान हलवली.

"मंग मांजर काहून घातली? लोकाइले वाटलं, माह्यावरच रचली." पदर सारखा करून त्या पुन्हा चालायला लागल्या. "पुढच्या शनिवारी बरोबर म्हन. मी येतो ऐकाले."

वाचनालय वाचलं होतं. पण त्या आठवड्यात माझी एकही भाकर धड निघाली नाही. फुगायला लागली की पुढची ओळ आठवायची, आणि मी तवाच उतरवायची.