हणमंतनं 'हाय' म्हटलं होतं

हणमंत आज सकाळी गेला, आणि मी त्याच्याबद्दल बोललेलं खोटं मागे राहिलं.

ते आज इथंच निस्तरतो. कोरेगावच्या स्टँडवर बसून लिहितोय, चुका पोटात घाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हणमंत इथून जवळच्याच एका खेड्यातला, फौजी. मी मिरजेचा इम्रान, सतार-तंबोरे करणाऱ्या घरातला. आम्ही दोघं भारताच्या रग्बी टीममध्ये एकत्र खेळलो. रग्बी सेव्हन्स. सात जण, सात मिनिटांचा हाफ, आणि तेवढ्यात जीव तोंडाशी येतो.

या खेळात बॉल हातानं पुढे देता येत नाही. मागेच द्यायचा.

पळणाऱ्याला मागचं दिसत नाही. म्हणून मागून येणारा ओरडून सांगतो, मी आहे, दे.

कॅम्पमध्ये कुणी 'यस' ओरडायचं, कुणी 'लेफ्ट, लेफ्ट'.
आमचा हणमंत ओरडायचा, "हाय! हाय!"

ओडिशाच्या पोरांना वाटलं, हा भर ग्राउंडवर हाय-हॅलो करतोय. एकानं तर पळता पळता हात वर करून 'हॅलो' केलं आणि बॉल पाडला. कोच असले भडकले की सगळ्यांना दहा राउंड.

नंतर मात्र अख्खी टीम 'हाय'वर डोळे झाकून पास द्यायला लागली.

आशियातल्या देशांची स्पर्धा होती. शेवटचं मिनिट. आम्ही दोन पॉइंटनं मागे. एक ट्राय, म्हणजे रेषेपलीकडे बॉल टेकवला, की सेमीफायनल.

बॉल माझ्या हातात. समोर एकच गडी.

उजवीकडून, मागून आवाज आला. "हाय! इम्या, हाय!"

स्वच्छ ऐकलं मी. त्याच्यापुढे मैदान मोकळं होतं.

पण मला ती ट्राय माझ्या नावावर हवी होती.

एकटाच घुसलो. त्या गड्यानं मला कमरेतून उचलून आपटलं. बॉल सुटला. शिट्टी झाली. संपलं.

चेंजिंग रूममध्ये कोचनी विचारलं, "सपोर्ट किधर था? कॉल क्यों नहीं आया?"

मी म्हटलं, "आवाज नहीं आया, सर."

हणमंत बुटाची लेस सोडत होता. मान वर न करता म्हणाला, "मैंने कॉल नहीं दिया, सर. दम लग गया था."

पुढच्या कॅम्पच्या लिस्टमध्ये त्याचं नाव नव्हतं. माझं होतं.

मी अजून दोन वर्षं खेळलो. माझ्या प्रोफाइलवरचा निळ्या जर्सीतला फोटो, ज्याला तुम्ही सगळे लाइक करता, तो त्या दोन वर्षांतलाच आहे.

त्या दिवशी हॉटेलवर जाताना बसमध्ये तो माझ्याच शेजारी बसला. हळू आवाजात म्हणाला,
"सतारवाल्याचं पोरगं तू. तार जरा उतरली तर तुमच्या घरात कळतंय. आन् माजं एवढं वरडणं न्हाई ऐकू आलं व्हय रं तुला?"

मग त्यानंच पिशवीतून एक केळं काढलं.

"बरं, ऱ्हाऊ दे गड्या. केळं खा."

परत कधी विषय काढला नाही त्यानं. मला का सांभाळून घेतलं, हे मीही कधी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे आधी कबूल करावं लागलं असतं.

गेला दीड महिना तो मिरजेतच ॲडमिट होता. ब्लड कॅन्सर. आमच्या दुकानापासून दवाखाना चालत दहा मिनिटांवर. रोज सकाळी अम्मीनं केलेली पेज घेऊन जायचो. दारातूनच विचारायचो,

"हणमंत?"

डोळे मिटलेलेच असायचे. पण उत्तर यायचं.

"हाय."

रोज ठरवायचो, आज सांगायचं. आणि रोज रिकामा डबा घेऊन परत यायचो. स्वतःची लाज वाटते.

मागच्या आठवड्यात तो झोपला होता. कॉटशेजारी त्याची आई बसलेली. मी त्यांना मावशी म्हणतो.

"इम्रान, एक इचारू? गावानं मोबाईलवर मॅच बगितली, ह्यो म्हणला मी वरडलोच न्हाई, तवापासनं पोरं ह्याला मुका पैलवान म्हणत्यात. शेतातनं ह्यानं हाक मारली तर मला घरात ऐकू यायची. मग त्याच दिवशी कसा वरडला न्हाई रं?"

मी म्हटलं, "दम लागला असंल, मावशी."

त्यानं मला वाचवायला जे सांगितलं, तेच मी त्याच्या आईच्या तोंडावर फेकलं.

आज सकाळी नेहमीसारखं दारातून विचारलं. "हणमंत?"

मावशींनी नुसती मान हलवली.

दुपारी गावात सगळं उरकलं. स्मशानातून परत आलो, हातपाय धुतले आणि सरळ मावशींच्या पुढ्यात जाऊन बसलो. घर बायकामाणसांनी भरलेलं.

"मावशी, हणमंत वरडला हुता. मी ऐकलं हुतं. मीच बॉल दिला न्हाई. खोटं बोललो मी."

वाटलं, आता तोंडात मारतील. मारायला हवं होतं.

त्यांनी विचारलं, "काय म्हणून वरडला?"

"हाय म्हणून."

मावशी भिंतीला धरून उठल्या. उंबऱ्यात गेल्या. अंगणात बसलेल्या सगळ्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"ऐकलं का रं? वरडला हुता माजा हणमंत! वरडला हुता!"

आणि मग सकाळपासून पहिल्यांदा रडल्या.

टीममधल्या सगळ्यांना आणि कोचसरांना टॅग केलंय. कमेंटमध्ये मला काय म्हणायचं ते म्हणा. त्याला मात्र कुणी मुका म्हणू नका.

नीट जा, हणमंत.

आवाज आला होता रं.