फरशीवरची कबड्डी

लग्न होऊन दौंडहून शिरूर तालुक्यात सासरी आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी विचारलं, "कबड्डी बघतीस का?" नाही म्हणायची सोय दिसेना. संध्याकाळी आम्ही दोघी बूड टेकायला एक पोतं घेऊन गावच्या मैदानावर गेलो. सासूबाई अशा ओरडायच्या की पंचही दचकायचा. पुढं मलाही नाद लागला.

मग शासनाचा निधी आला आणि मैदानाचं स्टेडियम झालं. पायऱ्यापायऱ्यांची गॅलरी, भोवती उंच भिंत, भिंतीला गेट. गेट आलं तसं तिकीटही आलं.

"आमच्याच पैशाचं बांधलं, आन् आमालाच तिकीट?" सासूबाईंनी खिडकीवरच्या माणसाला विचारलं.

"आत्या, देखभालीला लागतंय."

"आजून उद्घाटन न्हाई झालं, देखभाल कशाची?"

तरी त्यांनी दोन तिकिटं काढली. उद्घाटनाचा सामना केंदूरच्या पोरांशी होता, चुकवणं शक्यच नव्हतं.

आत गेलो तर मैदानात पांढरी गुळगुळीत फरशी! केंदूरच्या कप्तानानं पाय घासून बघितला आणि हात जोडले. "इथं कंबर मोडंल." ठेकेदार म्हणाला, "निधी फरशीचाच होता. मातीला मंजुरी नव्हती."

कुणीतरी पोती अंथरायला सांगितली. आमच्या गावच्या एका गड्यानं चढाई करून दाखवली, तर तो पोत्यासकट घसरत थेट स्टेजपाशी गेला. प्रमुख पाहुण्यांना वाटलं, पाया पडायला आलाय. त्यांनी त्याला नारळ दिला.

शेवटी दोन्ही संघ बाहेर पडले आणि भिंतीपलीकडच्या मोकळ्या रानात आखणी करून खेळायला लागले. बिनतिकिटाचं सगळं गाव तिथं मांडी घालून बसलं. आम्ही निघालो तर गेटवाला म्हणाला, "बाहेर गेलात तर तिकीट बाद हं."

पैसे टाकलेत म्हणून आम्ही सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिलो. तिथून पलीकडचं अर्धंच मैदान दिसे. अलीकडच्या अर्ध्यात आलेला गडी भिंतीआड गडप व्हायचा आणि नुसता गलका ऐकू यायचा.

"धरला का सुटला?" सासूबाईंनी वरून हाक मारली.

खालून एकानं उत्तर दिलं, "आत्या, तिकीट तुमी काढलंय, आमाला काय इचारता?"

सासूबाई खाली उतरल्या, दोन्ही तिकिटं गेटवाल्याच्या हातात कोंबली आणि म्हणाल्या, "कर बाद." नव्या लुगड्यानिशी त्या मातीत फतकल मारून बसल्या. शेवटच्या चढाईला आमच्या गावानं पकड केली, तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईला त्यांनी अशी मिठी मारली की तिची टिकली यांच्या गालाला चिकटली.

स्टेडियममध्ये आता लग्नं लागतात. सामने बाहेरच होतात. मध्यंतरी ग्रामसभेत विषय निघाला, की प्रेक्षक वाढलेत, तर नवा निधी मागून बाहेरच्या मैदानालाही भिंत घालू. सासूबाई उभ्या राहिल्या. "घाला की. आमी तिच्याबी बाहेर बसू."

सगळी सभा हसली. ठराव मात्र एकमतानं मंजूर झाला.