टाइप झालं की पुसायचं

लोकांचं बोलणं ऐकून टाइप करायचं, हे माझं काम. संशोधन करणारे कुणाशी तरी तासन् तास बोलतात, ते रेकॉर्ड करतात आणि माझ्या गळ्यात मारतात. मी हेडफोन लावते, पायाखालच्या पॅडलने आवाज मागे-पुढे करते आणि शब्द न् शब्द उतरवते. कुणी खोकलं तर कंसात 'खोकला', कुणी गप्प बसलं तर कंसात 'शांतता'. इतकी माणसं ऐकल्यावर माणसांचा वीट यायला हवा. मला आलाही होता. मग सलूनवाले आले.

आले म्हणजे त्यांचा आवाज आला. एक तरुण संशोधक बाई त्यांच्या सलूनवर केस स्टडी करत होती. खुर्चीत बसलेली माणसं केस कापणाऱ्याला आपली दुःखं का सांगतात, हा तिचा विषय. मी तिला तोंडावर विचारलं, "अगं, एकच दुकान? एका माणसावरून जगाचं काय कळणार?"

ती चिडली नाही. म्हणाली, "जगाचं नाहीच कळायचं, ताई. शंभर दुकानांत एकेक प्रश्न विचारला तर किती माणसं बोलतात ते कळेल. एकाच दुकानात वर्षभर ठाण मांडलं, तर ती का बोलतात ते कळेल." मला पटलं नव्हतं, तरी मी मान डोलावली. शहाण्या पोरींशी वाद घालायला मला वेळ नसतो.

ती खरंच वर्षभर तिथे बसली. दुपारी गिऱ्हाईक नसताना शटर अर्धं ओढून सलूनवाले तिच्याशी बोलायचे. पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये ते म्हणतात, "जन्मभर केस कापले, आता मीच केस झालो म्हणायचं!" आणि हसतात. ते हसू आधी नाकातून निघायचं, मग घशात अडकायचं आणि शेवटी एक लांबलचक 'हां' येऊन थांबायचं. मी नियमाप्रमाणे कंसात 'हसतात' एवढंच लिहिलं. पण पॅडल दाबून ते मी पुन्हा ऐकलं. कामाला गरज नव्हती, मला आवडलं म्हणून ऐकलं.

आणि काय बोलायचे हा माणूस! "म्हणजे बघा," अशी सुरुवात करायचे आणि सुटायचे. कात्री चालू असली की माणूस बोलतो, थांबली की भानावर येतो. म्हणून कुणाचा गळा दाटून आला की कापायला केस उरले नसले तरी ते कात्री नुसती हवेत चालवत राहायचे. "समोर आरसा असतो ना, म्हणजे बघा, खुर्चीतला माणूस माझ्याकडे बघून नाही बोलत. आरशातल्या माझ्याकडे बघून बोलतो. तेवढी आडोशाची सोय लागते माणसाला."

अट मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी घातली होती. खुर्चीतलं बोलणं दुकानाबाहेर जात नाही, हा त्यांच्या धंद्याचा कायदा. नावं न घेता सांगेन, पण टाइप झालं की रेकॉर्डिंग पुसायचं, आवाज मागे ठेवायचा नाही. संशोधक बाईने ते लेखी मान्य केलं. अहवालात त्यांचं नाव नुसतं 'क'. टाइप केलेली पानं ती त्यांना वाचायला न्यायची, तेव्हाही ते कारागिरासारखे बोट ठेवायचे. "इथं कानामागे जरा जास्त राहिलंय. थोडं घ्या." म्हणजे त्या ओळीवरून एखादं गिऱ्हाईक ओळखू आलं असतं. ती ओळ जायची. तिने टाइप तपासलं की मी रेकॉर्डिंग पुसायची, तिच्याकडची प्रतही पुसून घ्यायची.

अशा अभ्यासात एकाचंच ऐकून भागत नाही, तेच चार जणांकडून ताडून घ्यावं लागतं. म्हणून तिने काही गिऱ्हाइकांना विचारलं आणि सगळ्यात शेवटी सलूनवाल्यांच्या बायकोला. काकूंचं रेकॉर्डिंग सुरू होता होता संपलं.

"घरी काय बोलतात ते?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. मी विचारते, आज काय झालं? ते म्हणतात, काही नाही. मग मी म्हणते, बरं, हात धुवा, ताट वाढलंय."

पुढे भांड्यांचा आवाज होता. तोही मी कंसात लिहिला.

अहवाल पुरा झाला. त्यानंतर महिनाभरातच सलूनवाले गेले. दुपारी शटर अर्धं ओढून स्वतःच्याच खुर्चीत जरा डोळा लागला, तो उघडलाच नाही. संशोधक बाईचा फोन आला तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं. मी ज्या माणसाला कधी पाहिलंही नव्हतं, त्याच्यासाठी मी हातातलं काम टाकून रडले.

काही दिवसांनी ती काकूंना घेऊन माझ्याकडे आली. किरकोळ बाई, हातात छत्री. माझ्या खोलीत बसायला जागा एकच, बाकी सगळीकडे कागद. त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"फोटो ढीगभर आहेत. आवाज नाही. मुलीच्या लग्नाची फिल्म लावली, तर त्यात नुसती गाणी भरलीत. फोनवर तर ते 'हां' म्हणून ठेवून द्यायचे. तुमच्याकडे वर्षभराचं आहे म्हणे. गिऱ्हाइकांचं काही नको मला. नुसता आवाज द्या, थोडासा."

संशोधक बाई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. सांगायचं माझ्यावर आलं. काकू येणार हे कळल्यावर पुसलेलं परत मिळतं का, म्हणून मी दुरुस्तीवाल्याकडून कॉम्प्युटर तपासून घेतला होता. त्याने हात टेकले होते. मी पुसते ते नीट पुसते. माझ्या त्या टापटिपीची मला तेव्हा चीड आली.

"पुसलं, काकू. त्यांचीच अट होती."

त्या रडल्या नाहीत. "त्यांचंच खरं," एवढं म्हणाल्या. मी टाइप केलेल्या, त्यांनीच तपासून दिलेल्या पानांचा गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो उचलून पाहिला, परत ठेवला.

"एवढं बोलले?" आणि मग आवाज फुटला. "एवढं बोलता येत होतं? मग माझ्याशी का नाही हो बोलले?"

मला उत्तर माहीत होतं. मीच टाइप केलं होतं. मी ते पान काढलं आणि वाचू लागले. "'दिवसभर ऐकून ऐकून, म्हणजे बघा, पोट भरलेलं असतं. घरी ती विचारते, आज काय झालं? तोंड उघडलं तर कुणाचं काय बाहेर पडेल नेम नाही. आणि ती अशी हळवी, ऐकलं की तिचा जीव तुटणार. म्हणून मी म्हणतो, काही नाही. दिवसभर लोकांचं काही ना काही असतंच. तिच्यापाशी काही नसतं, म्हणून तर घरी जायची ओढ.'"

काकूंनी डोळे पुसले.

"तुम्ही शाळेतल्यासारखं वाचलंत. ते असं बोलत नाहीत."

"नाही बोलत," मी म्हटलं. "मला माहीत आहे कसं बोलतात."

"मग त्यांच्यासारखं एवढंच म्हणा. काही नाही. बाकी सगळं तुमचं, बाई. माझ्या वाट्याला तेवढंच होतं."

माझा आवाज बाईचा, त्यातून घोगरा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात पॅडल दाबलं. आधी नाकातून श्वास, मग 'काही' जरा ठासून, आणि 'नाही' जवळजवळ गिळलेलं. म्हटलं.

काकूंनी मान हलवली. "'नाही' अजून खाली. दमलेले असतात ते."

मी पुन्हा म्हटलं. "काही नाही."

काकू डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांचा हात मांडीवरच्या कागदांवरून सावकाश फिरला.

"बरं," त्या म्हणाल्या. "हात धुवा, ताट वाढलंय."